जो खोलीत नाही, त्याच्यासाठी: हाताखाली माणसं असलेल्या पुण्यातल्या ख्रिस्ती बंधुभगिनींना खुलं पत्र

पुण्यातल्या आयटी कंपन्यांत, कारखान्यांत, इस्पितळांत आणि शाळांत हाताखाली माणसं असलेल्या माझ्या प्रिय बंधुभगिनींनो,

सप्रेम सलाम.

ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो आणि आपल्याकडचं आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं. त्यामुळे लेंतचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचा काळ आणि अप्रेझलचा काळ बहुतेक कंपन्यांत एकमेकांत मिसळतात. रविवारी सकाळी कॅम्पात किंवा पंचहौदला तुम्ही शास्त्रपाठ वाचायला उभे राहता आणि त्याच आठवड्यात हिंजवडीत, खराडीत नाहीतर मगरपट्ट्यात दार लावलेल्या खोलीत बसून दहा-बारा माणसांच्या अख्ख्या वर्षाचा निकाल लावता. माझी नोकरी एचआरमधली, त्यामुळे त्या खोलीत मी असते. मंडळीची सभासद म्हणून रविवारी बाकावरही असते. दोन्ही ठिकाणी तुम्हाला पाहते, म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहिते आहे.

सेवक होऊन पुढारीपण कसं करावं यावर आपल्यात कमी बोललं जात नाही. युवक संघाची शिबिरं, पुरुष मंडळ, महिला मंडळ, सगळीकडे हा विषय फिरून फिरून येतो. योहानाच्या तेराव्या अध्यायातला पाय धुण्याचा उतारा वाचला जातो. उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी काही चर्चमध्ये पाळक खरोखर गुडघ्यावर बसून बारा जणांचे पाय धुतात. तो विधी मला फार प्रिय आहे. पण तो सगळ्या मंडळीदेखत होतो, आणि ज्याचे पाय धुतले जातात तो समोर बसलेला असतो. मला बोलायचंय ते अशा जागेविषयी, जिथे पाहायला कोणी नसतं आणि ज्याच्याविषयी बोलणं चाललंय तो माणूसही नसतो. तुमची नम्रता तिथे कळते, असं इतकी वर्षं पाहून माझं ठाम मत झालंय.

त्या जागेला कंपन्यांत कॅलिब्रेशन मीटिंग म्हणतात. माणूस आधी स्वतःचं सेल्फ-अप्रेझल भरतो, मॅनेजर त्याला एक ते पाच यांतला आकडा देतो, आणि मग विभागातले सगळे मॅनेजर विभागप्रमुखांसमोर बसून ते आकडे जुळवतात. जुळवतात म्हणजे काय, तर पाच इतक्यांनाच, चार इतक्यांनाच, आणि तळाला कोणीतरी हवंच. जॅक वेल्च यांच्या काळात जीई कंपनीने वरचे 20 टक्के, मधले 70 आणि खालचे 10 अशी वाटणी जगभर गाजवली. मायक्रोसॉफ्टने सक्तीची क्रमवारी 2013 साली सोडून दिली. आपल्याकडे मात्र ती कुठे उघड, कुठे आडून चालूच आहे. मला ती पटत नाही आणि हे मी आतही सांगितलंय. पण ती जाईपर्यंत त्या खोलीत बसलेला माणूस काय करतो, हा प्रश्न उरतोच.

खोलीत भिंतीवर एक्सेल शीट लावलेली असते. एका ओळीत नाव, एम्प्लॉयी कोड, रुजू झाल्याची तारीख, गेल्या वर्षीचं रेटिंग, यंदाचं रेटिंग. चार मिळालेल्यांत दोन नावं जास्त झाली की त्या ओळी पिवळ्या केल्या जातात आणि विभागप्रमुख विचारतात, "यातलं कोण खाली येतंय?" ज्याचा मॅनेजर गप्प बसतो, त्याचा माणूस खाली येतो. कधी एखादं वाक्य पुरतं. "तसा तो जरा स्लोच आहे." "त्याची व्हिजिबिलिटी नाही." "ती मॅटर्निटीवर होती ना?" कायद्याने दिलेली 26 आठवड्यांची रजा घेतली म्हणून एखादीचं वर्ष कापलं जाताना मी पाहिलंय. चाराचे तीन होतात. पगारवाढ, व्हेरिएबल पे, वाकडच्या फ्लॅटचा हप्ता, सगळं त्या एका आकड्याला टांगलेलं असतं. आणि ते वाक्य बोलणारा तोवर पुढच्या ओळीवर पोहोचलेला असतो.

अशी वाक्यं मी आपल्या माणसांच्या तोंडून ऐकली आहेत. स्वभावाने गोड, कधी आवाज न चढवणारी, टीममधल्या पोरांच्या वाढदिवसाला स्वतःच्या खिशातून केक आणणारी माणसं. शिपायालाही "अहो" म्हणणारी. त्यांच्यावर उद्धटपणाचा आरोप कोणी करणार नाही. पण साहेबांसमोर वाद नको म्हणून ती त्या खोलीत आपल्या हाताखालच्या माणसाच्या बाजूने बोलली नाहीत, आणि त्यांच्या गप्प बसण्याची किंमत दुसऱ्याने भरली. बाहेर आल्यावर त्याच माणसाच्या खांद्यावर हात ठेवून "मी तुझ्यासाठी प्रार्थना करतो" असंही म्हणाली. ती प्रार्थना खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण देवाने त्याच्यासाठी बोलायला ज्याला त्या खुर्चीवर बसवलं होतं, तो बोलला नव्हता.

याउलट एका बाईंचं सांगते. त्यांच्या हाताशी दोनशे पानी साधी वही असायची, कोणाशी कधी काय बोलणं झालं त्याच्या तारखा टाकलेली. त्यांच्या टीममधल्या एका मुलाचं नाव पिवळ्या ओळीत आलं. विभागप्रमुख म्हणाले, याचं मॉड्यूल दोन महिने उशिरा गेलं. बाईंनी वही उघडली. म्हणाल्या, "उशीर झाला हे खरं. पण मधेच डिझाइन बदलायचा निर्णय माझा होता. नको म्हणून त्याने मला मेल केला होता, तो माझ्याकडे आहे. हा उशीर त्याच्या नावावर नको, माझ्या नावावर टाका." प्रमुख म्हणाले, "मग तुमचं रेटिंग बघावं लागेल." त्या म्हणाल्या, "बघा." त्या मुलाचे चार राहिले. बाईंचं त्या वर्षी काय झालं ते मला माहीत आहे, आणि ते चांगलं झालं नाही. त्या मुलाला यातलं काही कळलंही नाही.

"माझ्या नावावर टाका" हे ऐकल्यावर मला फिलेमोनाला लिहिलेलं पत्र आठवलं. नव्या करारातलं अवघ्या 25 वचनांचं पत्र. आपण ते क्वचित वाचतो, आणि उपदेशात तर त्याहून क्वचित येतं. हाताखाली माणसं असलेल्यांनी मात्र ते जवळ ठेवावं असं आहे. पौल तुरुंगात आहे. अनेसिम नावाचा फिलेमोनाचा गुलाम मालकापासून दूर गेला आणि पौलाच्या सहवासात विश्वासात आला. आता पौल त्याला परत पाठवतोय, हातात हे पत्र देऊन.

पौल काय करतो ते बारकाईने पाहा. योग्य ते कर अशी आज्ञा मी तुला करू शकलो असतो, पण प्रीतीस्तव विनंती करतो, असं तो सुरुवातीलाच सांगतो. अधिकार आहे हे लपवत नाही आणि वापरतही नाही. अनेसिमाला स्वतःजवळ ठेवून घ्यावं असं त्याला वाटतं, पण तुझ्या संमतीवाचून काही करायचं मनात आणलं नाही, असं म्हणतो. अनेसिम निर्दोष आहे असा दावाही करत नाही. त्याने तुझं काही नुकसान केलं असेल, तुझं काही देणं असेल, तर ते माझ्या हिशेबी मांड. आणि पुढे, हे मी पौल स्वतःच्या हाताने लिहितो, मी ते फेडीन. तोंडी आश्वासन दिलं असतं तर गोष्ट वेगळी होती. हे लिहून दिलेलं देणं आहे.

आणखी दोन गोष्टी माझ्यासारख्या ऑफिसातल्या बाईच्या लगेच नजरेत भरतात. पत्र एकट्या फिलेमोनाला नाही, त्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही आहे. म्हणजे विनंती खासगी असली तरी ती चारचौघांत वाचली जाणार हे पौलाला ठाऊक होतं. आणि शेवटी तो म्हणतो, माझ्यासाठी उतरायची खोली तयार ठेव, मी येण्याची आशा धरून आहे. याचा अर्थ, पत्र पाठवून तो मोकळा झालेला नाही. अनेसिमाचं पुढे काय झालं ते पाहायला तो स्वतः येऊ पाहतोय. आपल्यातले किती मॅनेजर रेटिंग ठरल्यावर जूनमध्ये त्या माणसाकडे जाऊन बसतात?

गुलामगिरीच मोडून टाका असं वाक्य या पत्रात नाही, आणि त्यावरून पुढे शतकानुशतकं वाद झाले. ते वाद रास्त आहेत. मी फक्त एवढं पाहते की एका वाईट व्यवस्थेच्या आत, हातात बेड्या असताना, पौल एका माणसासाठी आपलं नाव गहाण टाकतो. तुमच्या हातात बेड्या नाहीत. लॅपटॉप आहे, बढतीची आशा आहे, फार तर साहेबांची नाराजी आहे.

यावर तुम्ही म्हणाल, मग काय सगळ्यांनाच चार द्यायचे? ज्याने काम केलं नाही त्यालाही? कृपा दाखवायची म्हणजे खोटं बोलायचं का? अजिबात नाही. उलट मला सर्वांत जास्त दुःख याच गोष्टीचं आहे की आपली ख्रिस्ती माणसं खरं बोलायला सर्वांत उशीर करतात. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने किती साफ सांगितलंय. तुझ्या भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि तुम्ही दोघेच असताना त्याचा दोष त्याला दाखव. आधी एकट्याला. मग एक-दोघांना घेऊन. मंडळीसमोर अगदी शेवटी. आपल्याकडे नेमका उलटा क्रम चालतो. आधी कँटीनमध्ये इतरांना कळतं, मग कॅलिब्रेशनला साहेबांना कळतं, आणि त्या माणसाला शेवटी पत्र हातात पडल्यावर. जे ऑगस्टमध्ये दार लावून, समोर बसून, ठरावीक उदाहरण देऊन सांगायला हवं होतं ते मार्चमध्ये आकडा म्हणून सांगितलं जातं. त्यानंतर येतो परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन, म्हणजेच पीआयपी, ज्यातून माणूस सुधारून बाहेर येण्यापेक्षा राजीनामा देऊन बाहेर पडल्याची उदाहरणंच माझ्यासमोर जास्त आहेत.

"तुझं काम नीट नाही" एवढं म्हणून भागत नाही. "मागच्या तीन रिलीजला टेस्ट केस न लिहिता तू कोड पुढे पाठवलास, त्यामुळे प्रियाला शनिवारी बसावं लागलं" असं सांगितलं तर त्याला काही करता येतं. हे बोलायला धीर लागतो. तो धीर नसला की आपण गोड वागतो आणि त्यालाच प्रेम समजतो. माणसाला वेळेवर खरं सांगणं हे त्याच्यावर विश्वास ठेवणं आहे, कारण तो बदलू शकतो असं तुम्ही त्यातून म्हणत असता.

आता रविवारविषयी. अमेरिकेतल्या क्लायंटची शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची सकाळ, आणि मोठे रिलीज बहुधा त्याच वेळेला ठेवले जातात, कारण तिकडे तेव्हा वापर कमी असतो. यात कोणाचा दोष नाही. पण उपासनेच्या वेळी मॅनेजर चर्चमध्ये पहिल्या बाकावर आणि त्याची टीम घरोघरी लॅपटॉपसमोर, हे चित्र मला बोचतं. चौथी आज्ञा पूर्ण वाचा. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी जनावरं, तुझ्या वेशीच्या आत असलेला उपरा. जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात कारणही दिलंय. तुझ्याप्रमाणे तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा, आणि तूही मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव. विसाव्याची आज्ञा ज्याच्या हाताखाली माणसं आहेत त्याला उद्देशून आहे. ती स्वतःपुरती पाळून भागत नाही. रविवारी बसावं लागलंच तर पाळी लावा, त्यात तुमचंही नाव घाला, बदली सुट्टी मागून द्या, आणि दर वेळी क्लायंटला हो म्हणण्याआधी एकदा तरी विचारा की हे बुधवारी चालेल का. वर नाही म्हणू न शकणारा माणूस खाली कितीही गोड बोलला तरी त्याची माणसं थकतातच. हेच गणपतीत, दिवाळीत आणि रमजानमध्ये संध्याकाळी उपवास सोडायला घरी जायचं असलेल्या सहकाऱ्याबाबतही लक्षात ठेवा. आपल्याला नाताळची सुट्टी मागताना संकोच वाटतो, तसाच त्यांनाही वाटतो.

इस्पितळातल्या सिस्टर-इन-चार्ज आणि शाळांचे मुख्याध्यापक, तुमच्याकडे एक्सेल शीट नसेल, पण ड्युटी लावणं तुमच्याच हातात आहे, गोपनीय अहवाल तुम्हीच लिहिता. लागोपाठ रात्रपाळी कोणाच्या नावावर पडते आणि कोणाचे मोकळे तास दर वेळी बदली तासाला जातात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. बहुतेक वेळा ती व्यक्ती तक्रार न करणारी असते.

दाखले शोधायला लांब जायला नको. दौंडच्या रेल्वेमार्गावर केडगाव आहे. पंडिता रमाबाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली घेऊन आल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात इतक्या जणींना ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून फळबागेसाठी घेतलेल्या केडगावच्या जमिनीवर त्यांची सोय केली. एकट्या माणसाला इतक्या जणींचं करणं अशक्य होतं. रमाबाईंनी शारदा सदन या आपल्या आधीच्या शाळेत शिकलेल्या मुलींवरच नव्याने आलेल्या मुलींची जबाबदारी टाकली. ज्या विधवांना घरात कोणी विचारत नव्हतं, त्यांच्या हातात त्यांनी कारभार दिला. टीम उभी करणं म्हणतात ते हेच. कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना 1878 साली पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं, त्या बाईने आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीकमधून बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली, तेही नुकतंच वाचायला शिकलेल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत. खिळे जुळवायला आणि छापायला मुक्तीतल्याच, म्हणजे केडगावच्या त्यांच्या आश्रमातल्याच स्त्रिया होत्या. आपल्याला येतं ते खालच्याला कळेल असं मांडायचे कष्ट वरच्याने घ्यायचे, ही रीत मला तिथून शिकावीशी वाटते. नव्याने लागलेल्या मुलीला तुमचा मेल तीनदा वाचावा लागत असेल, तर कष्ट तिने का घ्यावेत?

एक नाजूक गोष्ट, पण बोलायला हवी. टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी वचन टाकू नका. मला वचनं प्रिय आहेत, आणि तुमचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही. पण ज्याची पगारवाढ तुमच्या हातात आहे तो माणूस "सर, नका टाकू" असं म्हणू शकत नाही. तो हात जोडल्याची खूण पाठवतो आणि तुम्हाला वाटतं साक्ष पोहोचली. त्याला त्याच्या श्रद्धेत मोकळं राहू द्या. त्याने आपणहून विचारलं तर जरूर सांगा, ऑफिसच्या बाहेर, चहा पिताना. तसंच मंडळीतल्या मुलांच्या रेफरलचं. आपल्या पोरांना नोकरी लागावी असं कोणाला वाटणार नाही? नाव जरूर सुचवा, पण मुलाखत घेणाऱ्यांत तुम्ही बसू नका. नव्या करारातल्या आपल्या पत्रात याकोबाने पक्षपाताला पाप म्हटलंय, तेव्हा आपल्या माणसांपुरता अपवाद ठेवलेला नाही.

आणि आता आपल्या घरात येते. कंपन्यांविषयी एवढं लिहून मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीविषयी गप्प राहिले तर ते बरोबर होणार नाही. तुमच्यातले बरेच जण कमिटीवर आहेत. चर्चमध्ये झाडलोट करणारा, घंटा वाजवणारा, लग्नाच्या आणि अंत्यविधीच्या दिवशी सर्वांत आधी येऊन सर्वांत शेवटी जाणारा सेवक आपणही ठेवतोच. त्याचा पगार किती आणि तो कोणत्या तारखेला होतो, हे कमिटीतल्या किती जणांना न विचारता सांगता येईल? कमिटीच्या बैठकीत तोही नसतो. त्याचा विषय निघाला की "पुढच्या बैठकीत बघू" म्हटलं जातं, आणि पुढच्या बैठकीत निवडणुकीचा नाहीतर कंपाउंडच्या भिंतीचा विषय असतो. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत दे, कारण त्याचं मन तिच्याकडे लागलेलं असतं, असं अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात आहे.

माझं मागणं थोडकं आहे. यंदा कॅलिब्रेशनला जाण्यापूर्वी टीममधल्या प्रत्येकाच्या नावापुढे वर्षात त्याने केलेल्या कामाच्या दोन ठोस गोष्टी तारखेसह लिहून न्या, आणि ज्याचं नाव खाली येण्याची शक्यता जास्त आहे त्याच्यासाठी चार न्या. जे अपयश तुमच्या निर्णयाने आलं ते तुमच्या नावावर मांडायला तयार राहा. ज्याला कमी रेटिंग देणार आहात त्याच्याशी मीटिंगच्या आधी बोलून घ्या, पत्र हातात पडायची वाट पाहू नका. एचआरमध्ये माझ्यासारखी बरीच माणसं बसलेली आहेत. ज्याच्या बाजूने मॅनेजर बोलतो त्याच्यासाठी नियमात जागा काढणं आम्हाला शक्य होतं. मॅनेजरच गप्प असला तर आमचे हात बांधलेले असतात.

आणि आदरणीय पाळकांनो, तुम्हालाही एक विनंती. ईस्टरनंतरच्या एखाद्या शनिवारी संध्याकाळी मंडळीतल्या हाताखाली माणसं असलेल्या सगळ्यांना एकत्र बसवा, उपदेश न करता. फिलेमोनाचं पत्र मोठ्याने वाचायला पाच मिनिटंही लागत नाहीत. उरलेला वेळ त्यांना बोलू द्या, आणि चर्चच्या सेवकालाही त्या बैठकीला बोलवा, चहा द्यायला नव्हे, बसायला.

प्रभूमध्ये तुमची बहीण,
पुण्यातल्या एका मराठी मंडळीची सभासद